औद्योगिक असंतोष आणि मराठी भाषा : बोलण्याचा अधिकार कोणाचा?

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –

• औद्योगिक असंतोषाशी निगडित मराठी शब्दांचा अर्थविकास सांगता येईल.
• १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपामागील कायदेशीर पेच स्पष्ट करता येईल.
• त्या सुमाराच्या ब्रिटनमधील कामगारलढ्यांशी या संपाची तुलना करता येईल.
• आपल्या परिसरातील कामगारांच्या शब्दसंग्रहाची नोंद करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, शब्दाचा अर्थ हवा असला की आपण कोश उघडतो. परंतु काही शब्दांचे अर्थ कोशाबाहेर, कारखान्याच्या दारात, विधिमंडळात आणि न्यायालयात ठरत असतात. ‘संप’, ‘टाळेबंदी’, ‘बदली’, ‘प्रतिनिधी’ हे अशा प्रकारचे शब्द होत. त्यांचा अर्थ कोण ठरवतो यावर अनेकांची उपजीविका अवलंबून असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवले. हा संप वेतनवाढीसाठी झाला, असे सामान्यतः सांगितले जाते आणि ते खरेही आहे. तथापि वेतनाच्या मागणीखाली आणखी एक प्रश्न होता : कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी? कायद्याने मान्य केलेल्या संघटनेने, की कामगारांनी स्वतः निवडलेल्या नेत्याने? १९७० ते १९८५ या काळात ब्रिटनचे राजकारणही याच स्वरूपाच्या प्रश्नाने ढवळून निघाले होते. प्रस्तुत घटकात आपण हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून त्याची नोंद मराठी भाषेने कशी घेतली ते पाहणार आहोत.

२. ‘अशांतता’ आणि ‘असंतोष’

लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राचे प्रतिनिधी व्हॅलेंटाइन चिरोल यांचे ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी लोकमान्य टिळकांना भारतातील ‘अनरेस्ट’चे जनक ठरवले. चिरोल यांच्या दृष्टीने हा आरोप होता. मराठीने मात्र ‘अनरेस्ट’ला ‘अशांतता’ असा प्रतिशब्द न घेता ‘असंतोष’ हा शब्द घेतला आणि ‘भारतीय असंतोषाचे जनक’ ही टिळकांची गौरवाची उपाधी झाली.

या दोन शब्दांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. ‘अशांतता’ म्हणजे असलेली शांतता भंग पावणे. हे वर्णन बाहेरून, बहुधा व्यवस्था राखणाऱ्याच्या जागेवरून केलेले असते. ‘असंतोष’ म्हणजे समाधान नसणे. तो कोणाच्या तरी मनात असतो आणि त्याला कारण असते. ‘अशांतता का माजली?’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणी तरी चिथावले’ असे देता येते. ‘असंतोष का आहे?’ असे विचारले की मात्र असंतुष्ट माणसाकडे वळून पाहावे लागते. शासकीय परिभाषेत ‘औद्योगिक शांतता’ व ‘औद्योगिक अशांतता’ ही जोडी रूढ आहे. या घटकाच्या शीर्षकात ‘असंतोष’ हा शब्द योजला आहे, तो याच कारणाने.

टिळकांना १९०८ च्या जुलै महिन्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा तिच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले होते. राजकीय असंतोष आणि औद्योगिक असंतोष यांची गाठ मुंबईत तेव्हाच पडली होती.

३. ‘संप’ आणि ‘कामगार’ : दोन शब्दांचा प्रवास

काम थांबवण्याच्या कृतीला वेगवेगळ्या भाषांनी वेगवेगळ्या बाजूंनी पाहिले आहे. इंग्रजीतील ‘स्ट्राइक’ हा शब्द या अर्थाने रूढ होण्यामागे १७६८ मधील लंडनच्या बंदरातील घटना सांगितली जाते. तेथील खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून ती जागीच अडकवली. शीड उतरवणे यासाठी ‘स्ट्राइक’ हे क्रियापद वापरात होते. हिंदीतील ‘हड़ताल’ आणि मराठीतील ‘हरताळ’ यांची व्युत्पत्ती ‘हट्ट’ म्हणजे दुकान व ‘ताल’ म्हणजे कुलूप अशी सामान्यतः दिली जाते. (‘हरताळ फासणे’ या वाक्प्रचारातील ‘हरताळ’ वेगळा. तो पिवळ्या रंगाच्या खनिजाचे नाव असून लिहिलेला मजकूर झाकण्यासाठी ते खनिज वापरत असत.)

‘संप’ या शब्दाची घडण मात्र निराळी आहे. गुजरातीत ‘संप’ म्हणजे आजही एकोपा, मेळ. मराठीतही पूर्वी या शब्दाला एकमत, जूट असा अर्थ होता. म्हणजे इंग्रजीने शीड पाहिले, हिंदीने कुलूप पाहिले आणि मराठीने काम थांबवण्याआधी घडणारी गोष्ट, माणसांचे एकत्र येणे, पाहिली. काम थांबणे हा संपाचा परिणाम आहे. शब्दाच्या मुळाशी एकजूट आहे. पुढे आपण पाहणार आहोत की, कायदा याच एकजुटीची व्याख्या करू लागला तेव्हा पेच उभा राहिला.

‘कामगार’ या शब्दाचाही प्रवास असाच बोलका आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठीत ‘सरकारी कामगार’ म्हणजे सरकारी अधिकारी. गिरण्या वाढल्या तसा हा शब्द अधिकाऱ्याकडून श्रमिकाकडे आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली स्थापन केलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावात ‘मिल हँड्स’ म्हणजे ‘गिरणीतील हात’ असा शब्दप्रयोग होता, कारण इंग्रजीत तोच प्रचलित होता. मराठीने त्या हातांना ‘कामगार’ हे नाव दिले आणि हातामागचा माणूस पुढे आणला. लोखंडे ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली.

४. प्रतिनिधी कोण? १९२६ ते १९४६

मे १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप झाला. तो नऊ दिवस चालला. त्यानंतर १९२७ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून एका उद्योगातील कामगारांनी दुसऱ्या उद्योगातील कामगारांना पाठिंबा म्हणून करावयाच्या संपांवर बंदी घातली.

मुंबईत १९२८ साली गिरणी कामगारांचा सुमारे सहा महिन्यांचा संप झाला आणि त्यातून ‘गिरणी कामगार युनियन’ म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘लाल बावटा’ बलाढ्य झाला. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यात श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह मुंबईचे कामगार पुढारी पकडले गेले. त्याच खटल्यात फिलिप स्प्रॅट व बेन ब्रॅडली हे दोघे इंग्रज आरोपी होते. ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपाखाली इंग्रज आणि मराठी माणसे एकाच पिंजऱ्यात उभी राहिली. त्याच वर्षी भारतातही औद्योगिक कलहांविषयीचा कायदा झाला आणि ब्रिटनच्या धर्तीवर काही प्रकारचे संप बेकायदा ठरले.

पुढे १९३८ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई प्रांतासाठी औद्योगिक कलहांचे विधेयक आणले. संपापूर्वी तडजोडीची दीर्घ प्रक्रिया सक्तीची करणाऱ्या या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी विरोध केला. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी भूमिका आंबेडकरांनी विधिमंडळात मांडली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संपही झाला. विधेयक मात्र संमत झाले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आलेल्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने या वाटेवर पुढचे पाऊल टाकले. कापड गिरण्यांसारख्या उद्योगात, एका स्थानिक क्षेत्रासाठी, ‘प्रातिनिधिक संघ’ म्हणून एकाच संघटनेची नोंद करावयाची आणि तिने केलेला करार सर्व कामगारांवर बंधनकारक मानावयाचा, अशी ही रचना होती. मुंबईच्या कापड उद्योगात हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि पुढे त्याच्याकडेच राहिला. अनेक संघटनांच्या चढाओढीपेक्षा एकाच संघटनेशी बोलणी करणे सोयीचे, त्यातून उद्योगाला स्थैर्य मिळते, हे या रचनेमागील तर्कशास्त्र सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. प्रश्न असा की, त्या एका संघटनेवरचा कामगारांचा विश्वासच उडाला तर पुढे काय?

५. एक उपनगर, दोन कायदे

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी कुर्ल्याचे उदाहरण उपयुक्त आहे. कुर्ले हे लालबाग-परळच्या गिरणगावाबाहेरचे. परंतु गिरणीचा इतिहास येथेही जुना आहे. जमशेटजी टाटा यांनी १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली आणि तिला ‘स्वदेशी मिल’ हे नाव दिले. विसाव्या शतकाच्या मध्यास याच उपनगरात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना उभा राहिला. एकीकडे धोटा, दुसरीकडे मोटार. आणि दोन्हींकडील कामगार एकाच बाजारात भाजी घेणारे.

या दोन कामगारांना लागू असलेले कायदे मात्र भिन्न होते. अभियांत्रिकी कारखान्यांना १९४६ चा कायदा लागू नव्हता. तेथे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार संघटनेला मान्यता मिळे ती त्या त्या कारखान्यापुरती. एका कारखान्यातील बहुसंख्य कामगारांनी संघटना बदलायची ठरवली, तर तसे करणे शक्य होते. १९७० च्या दशकात घाटकोपरला वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. दत्ता सामंत यांची संघटना अशाच कारखान्यांतून वाढली. तिचा दबदबा ज्या कारखान्यांमुळे निर्माण झाला, त्यांत कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती.

गिरणी कामगाराला हा मार्ग मोकळा नव्हता. कापड उद्योगातील मान्यता एका गिरणीपुरती नसून साऱ्या मुंबईतील गिरण्यांसाठी एकत्रित होती. स्वदेशी मिलच्या कामगारांनी एकमुखाने दुसरी संघटना निवडली असती, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचा प्रतिनिधी तोच राहिला असता. शेजारच्या कारखान्यातील कामगार आपला नेता निवडतो, त्याचा पगार वाढतो, आणि आपल्या वतीने मात्र आपण न निवडलेले बोलतात, ही जाणीव गिरणीकामगारांच्या असंतोषात होती. म्हणूनच १९८२ च्या संपात वेतनवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबर १९४६ चा कायदा रद्द करण्याची मागणीही होती.

६. न संपलेला संप

१९८१ च्या अखेरीस बोनसच्या प्रश्नावरून असंतोष उफाळला आणि काही गिरण्यांतील कामगार डॉ. सामंत यांच्याकडे गेले. तेथून जानेवारीतील सार्वत्रिक संप उभा राहिला. तो बेकायदेशीर ठरवण्यात आला. मालकांची भूमिका अशी की, बोलणी मान्यताप्राप्त संघटनेशीच होऊ शकतात. आणि त्या संघटनेने संप पुकारलेलाच नव्हता. परिणामी जे संपावर होते त्यांच्याशी बोलता येत नव्हते आणि ज्यांच्याशी बोलता येत होते ते संपावर नव्हते. हा पेच कोणाच्या हट्टापुरता मर्यादित नव्हता. तो कायद्याच्या रचनेतच होता.

संप इतका लांबला, याला कामगारांचे गावाशी असलेले नाते हे एक कारण होते. अनेक जण कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात आपापल्या गावी गेले आणि शेतीच्या आधाराने तग धरून राहिले. दरम्यान कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे अधिकाधिक वळत गेले. १९८३ मध्ये कामगार हळूहळू परतू लागले, परंतु हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसची लाट असतानाही डॉ. सामंत मुंबईतून निवडून आले. ज्यांना कायद्याने प्रतिनिधी मानले नव्हते, त्यांना मतदारांनी प्रतिनिधी केले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे त्यांची हत्या झाली.

हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. मराठीत ‘संप मिटला’, ‘संप फुटला’, ‘संप मागे घेतला’ असे तीन प्रयोग आहेत. मिटण्याला समझोता लागतो, फुटण्याला फितुरी लागते आणि मागे घेण्याला निर्णय लागतो. १९८२ च्या संपाला यांपैकी एकही क्रियापद पुरतेपणी लागू पडत नाही.

७. ब्रिटनमधील समांतर

ब्रिटनमध्ये १९७४ च्या आरंभी कोळशाच्या टंचाईमुळे उद्योगांना आठवड्यातून तीन दिवसच वीज वापरण्याची मुभा होती. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी फेब्रुवारीत निवडणूक घेतली, ती ‘ब्रिटनवर राज्य कोणाचे?’ असा प्रश्न मतदारांपुढे ठेवून. सरकारचे, की कामगार संघटनांचे, असा त्याचा रोख होता. मतदारांनी हीथ यांना बहुमत दिले नाही. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तेथे संपांची लाट आली. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड तिसरा’ या नाटकातील शब्द उसने घेऊन वृत्तपत्रांनी त्यास ‘असंतोषाचा हिवाळा’ म्हटले. मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या.

मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चाललेला खाणकामगारांचा संप आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. त्यांचे नेते आर्थर स्कारगिल यांनी देशभरातील सभासदांचे मतदान घेतले नाही. या कारणास्तव नॉटिंगहॅमशायरमधील बहुसंख्य खाणकामगार काम करीत राहिले आणि पुढे त्यांनी वेगळी संघटना काढली. थॅचर यांनी लढाऊ पुढाऱ्यांना ‘आतला शत्रू’ म्हटले. काम करणाऱ्यांना संपकरी ‘स्कॅब’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ खपली. मराठीतील ‘संपफोड्या’ हा शब्द कृतीवर बोट ठेवतो, इंग्रजी शब्द घृणेवर.

दोन्ही संपांत कामगार हरले, परंतु प्रतिनिधित्वाचा पेच उलट दिशांचा होता. ब्रिटनमध्ये मान्य संघटनेने सभासदांचे मत न विचारता संप केला; मुंबईत कामगारांनी मान्य संघटनेला बाजूला सारून संप केला. लंडनमधील ग्रनविक या छायाचित्रप्रक्रिया कंपनीत जयाबेन देसाई यांच्या नेतृत्वाखाली १९७६ ते १९७८ चाललेला लढा तर केवळ संघटनेला मान्यता मिळावी यासाठीच होता. तोही अयशस्वी झाला. या तिन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते : पगाराचा तंटा आकड्यांनी मिटवता येतो, ‘माझ्या वतीने कोण बोलणार’ हा तंटा आकड्यांनी मिटत नाही.

८. बोलीतील नोंदी

गिरणीने मराठीला स्वतःचा शब्दसंग्रह दिला. ‘साचा’ म्हणजे माग, ‘साचाखाते’ म्हणजे विणकामाचा विभाग, ‘पाळी’, ‘भोंगा’, ‘खाडा’, ‘मुकादम’. यांतील ‘बदली’ हा शब्द विशेष विचारात घ्यावा. नोकरदार मराठी माणसासाठी बदली म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी नेमणूक. गिरणीत ‘बदली’ हा माणूस असे. कायम कामगाराने खाडा केला तर त्याच्या जागी ज्याला घ्यायचे, तो पाळीच्या वेळी दारात उभा राहणारा माणूस. कित्येक जण वर्षानुवर्षे ‘बदली’च राहिले. क्रियेचे नाव माणसाला चिकटते, तेव्हा त्या माणसाचे स्वतःचे नाव मागे पडते.

‘खाणावळ’ हा शब्दही येथे घ्यायला हवा. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना स्त्रिया महिन्याच्या हिशेबाने जेवण देत. अशा स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. संपकाळात ज्यांचा पगार थांबला त्यांची गणना झाली. त्यांच्या जेवणाची बाकी ज्यांच्याकडे थकली, त्या स्त्रिया कोणत्याही तक्त्यात ‘संपकरी’ म्हणून आल्या नाहीत.

साहित्याने काही उणीव भरून काढली. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीने गिरणीचे जग मराठी वाचकांपुढे आणले. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहाने कामगाराला कवितेत ‘मी’ म्हणून बोलते केले; तेथे त्याच्या वतीने दुसरा कोणी बोलत नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात संपानंतरचे गिरणगावातील कुटुंब आहे. न मिटलेल्या संपाला क्रियापद सापडत नव्हते. नाटककाराने त्या अवस्थेला नाम दिले.

९. समारोप

आज स्वदेशी मिल बंद आहे. चुनाभट्टीत तिचे नाव पत्त्यांत उरले आहे. जुन्या कारखान्यांच्या परिसरात, लालबहादूर शास्त्री मार्गावर, मॉल आणि कचेऱ्या उभ्या आहेत. ‘टाळेबंदी’ हा मालकाने कारखान्याला कुलूप लावण्यासाठीचा शब्द २०२० च्या साथीत साऱ्या देशाच्या बंदिस्तीसाठी वापरला गेला आणि नव्या पिढीला त्याचा तोच अर्थ प्रथम आठवतो.

प्रश्न मात्र शिळा झालेला नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेल्या किरकोळ रजेचाही ‘संप’ या व्याख्येत समावेश केला, आणि ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेस वाटाघाटींचा एकमेव अधिकार दिला. दुचाकीवरून घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या तरुणास अनेक कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात. भागीदार संपावर जात नसतो, त्याला प्रतिनिधीही लागत नाही. म्हणून ‘कामगार’ की ‘पार्टनर’ हा वाद निव्वळ शब्दांचा वाद ठरत नाही. भाषेच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते : नाव कोणी दिले, ते कोणाच्या सोयीचे आहे, आणि ज्याला ते दिले तो स्वतःला काय म्हणतो, हे विचारणे.

स्वाध्याय

१. ‘अशांतता’ व ‘असंतोष’ या शब्दांतील दृष्टिकोनाचा फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘एक उपनगर, दोन कायदे’ या विवेचनाच्या आधारे १९८२ च्या संपामागील प्रतिनिधित्वाचा पेच विशद करा.
३. मुंबईतील १९८२ चा गिरणी संप आणि ब्रिटनमधील १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप यांतील साम्य व भेद लिहा.
४. क्षेत्रकार्य : आपल्या घरातील किंवा शेजारील एखाद्या निवृत्त कामगाराशी बोलून त्यांच्या व्यवसायातील वीस शब्द अर्थांसह नोंदवा. शब्द त्यांच्याच उच्चारानुसार लिहा. ‘शुद्ध’ करू नका.